खेळाडूंचा अभ्यास कोण बघतं? अमेरिकेतल्या विद्यापीठात एफएआर म्हणून पहिलं वर्ष

मे २०२४ मध्ये आमच्या विद्यापीठाच्या प्रेसिडेंटच्या कार्यालयातून एक पानी पत्र आलं. पुढची तीन वर्षं मी ‘फॅकल्टी अ‍ॅथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्ह’ (एफएआर), म्हणजे खेळाडूंच्या अभ्यासावर लक्ष ठेवणारी प्राध्यापकांची प्रतिनिधी, म्हणून काम पाहावं, असं त्यात होतं. मी संख्याशास्त्र शिकवते. मध्यपश्चिमेतल्या एका मध्यम आकाराच्या सरकारी विद्यापीठात बरीच वर्षं आहे, पण क्रीडा विभागाच्या इमारतीत जायची वेळ तोवर कधी आली नव्हती. आता पहिलं वर्ष पार पडलंय. इथे शिकवणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाच्या गळ्यात हे काम पडलं तर उपयोगी पडावं, आणि ज्यांची मुलं टेनिस, पोहणं, गोल्फच्या शिष्यवृत्तीवर इकडे येतात त्या आईवडिलांनाही आतलं थोडं कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी हे पद काय ते सांगते. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संस्था बघते. तिच्या प्रत्येक सदस्य विद्यापीठाला एक प्राध्यापक एफएआर म्हणून नेमावाच लागतो. १९८९ पासून हे बंधनकारक आहे. त्या प्राध्यापकाकडे क्रीडा विभागातलं कोचिंगचं किंवा प्रशासनाचं पद असता कामा नये, ही मुख्य अट. आमच्याकडे फॅकल्टी सेनेट नावं सुचवतं, प्रेसिडेंट नेमणूक करतात आणि अहवालही त्यांनाच द्यायचा असतो. मोबदला म्हणून वर्षाला एक कोर्स कमी शिकवायचा. पत्रावर सही करण्याआधी एक गोष्ट मात्र लेखी मागून घ्या: परिषदांचा आणि बैठकांचा प्रवासखर्च प्रेसिडेंटच्या कार्यालयातून यावा, क्रीडा विभागाच्या बजेटमधून नको. ज्यांच्या कामावर लक्ष ठेवायचं त्यांच्याच पैशाने विमानात बसलं की प्रश्न विचारताना जीभ अडखळते. मला हे जुन्या एफएआर सरांनी सांगितलं होतं आणि वर्षभरात ते पटत गेलं.

जून-जुलै नियम वाचण्यात गेले. सगळं पुस्तक वाचायला बसू नका. कलम १४, म्हणजे अभ्यासाची पात्रता, आणि कलम १७, म्हणजे सराव आणि हंगामाचे नियम, एवढं नीट वाचलं तरी वर्षाचं बरंचसं काम निभतं. डिव्हिजन वन, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटात, खेळायचं तर विद्यार्थ्याला दर सत्राला किमान ६ क्रेडिट्स (साधारण एका कोर्सची ३) पास व्हावी लागतात. दुसरं वर्ष सुरू होण्याआधी २४ लागतात, आणि त्यातली १८ नेहमीच्या दोन सत्रांतच मिळवलेली असावी लागतात. तिसरं वर्ष सुरू होताना मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर केलेला हवा आणि पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा. चौथ्या वर्षाच्या तोंडावर ६० टक्के, पाचव्याच्या तोंडावर ८०. शिवाय सत्र चालू असताना विद्यार्थी १२ क्रेडिट्सच्या खाली आला की सामनाही बंद आणि सरावही बंद.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात याद्या आल्या. साडेचारशेच्या आसपास खेळाडू, प्रत्येकाच्या नावापुढे क्रेडिट्स, सरासरी, मेजर, टक्केवारी. आकडे रजिस्ट्रारचं कार्यालय काढतं, कम्प्लायन्सवाले (नियम पाळले जातात का ते बघणारे) ताडून बघतात आणि आमच्याकडे शेवटची सही एफएआरची असते. पहिला सामना शुक्रवारी आणि यादी हातात मंगळवारी, असा मामला. मी प्रत्येक संघातले काही विद्यार्थी चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले आणि त्यांचं गणित मूळ गुणपत्रकावरून स्वतः करून पाहिलं. वेळ लागला. कम्प्लायन्सच्या मुलीने न कुरकुरता शेजारी बसून प्रत्येक नोंद कुठून आली ते दाखवलं. तिच्याकडून मी जेवढं शिकले तेवढं कुठल्याच प्रशिक्षणात शिकले नाही. नवीन एफएआरला माझं सांगणं आहे की पहिली ओळख ॲथलेटिक डायरेक्टरशी होईलच, पण पहिली मैत्री रजिस्ट्रारच्या कार्यालयात करा.

सप्टेंबरपासून बुडालेल्या तासांच्या तक्रारी सुरू झाल्या. नियम सांगतो की हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास, यापेक्षा जास्त खेळाचं काम घ्यायचं नाही आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यायची. कागदावर हे वाजवी वाटतं. पण सामन्याचा अख्खा दिवस त्यात तीनच तास धरला जातो, आणि प्रवास तर धरलाच जात नाही. गुरुवारी दुपारी बसमध्ये बसलेली व्हॉलीबॉलची मुलगी रविवारी रात्री वसतिगृहात पोचते, आणि तिच्या तासांच्या नोंदीत नियमाचा भंग कुठेच दिसत नाही. मी एका संघाचं शरद सत्राचं वेळापत्रक घेऊन त्यावर वर्गांचं वेळापत्रक ठेवलं. मंगळवार-गुरुवारच्या कोर्सचे गुरुवार एकामागून एक उडत होते; सोमवार-बुधवारवाल्यांचं जवळजवळ काहीच बुडत नव्हतं. इतकी साधी गोष्ट, पण नावनोंदणीच्या वेळी मुलींपुढे ती कुणी ठेवली नव्हती. पुढच्या सत्राच्या नोंदणीआधी प्रत्येक संघासाठी असा एक तक्ता कोर्स निवडायला मदत करणाऱ्या अ‍ॅडव्हायजरकडे द्यायचा, हे आता ठरून गेलंय.

आपल्याकडच्या मुलांसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट. वर्ग बुडतात म्हणून ऑनलाइन कोर्स घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. अमेरिकन विद्यार्थ्याला ते चालतं. एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी मुलाला मात्र पूर्णवेळ भरण्यासाठी एका सत्रात ऑनलाइनचा एकच कोर्स, म्हणजे ३ क्रेडिट्स, धरता येतो. गोल्फच्या संघातल्या एका भारतीय मुलाने दोन ऑनलाइन कोर्स घेऊन बरोबर १२ भरले होते. एनसीएएच्या हिशेबात तो बसत होता, पण व्हिसाच्या नाही. आंतरराष्ट्रीय कार्यालयाने मुदतीच्या आत बदल करून दिला म्हणून निभावलं. खेळाची पात्रता एक कार्यालय बघतं आणि व्हिसा दुसरं. दोघांचं आपसात बोलणं होतंच असं नाही. दोन्हीकडे स्वतः जाऊन विचारा.

ऑक्टोबरमध्ये मी ज्या कामाला हात घातला त्याची मला सगळ्यांत जास्त धाकधूक होती. त्याआधी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या प्रकरणाबद्दल सांगायला हवं, कारण या पदाचं खरं कारण मला तिथे सापडलं. १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं तिथल्या एका विभागात असे कोर्स चालले, ज्यांचा वर्ग कधी भरतच नसे. सत्राअखेर एक निबंध द्यायचा. तो तपासून गुण देण्याचं काम बहुतेक वेळा प्राध्यापकाकडे नव्हे, तर कार्यालयातल्या प्रशासकीय कर्मचाऱ्याकडे होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये या प्रकरणाच्या चौकशीचा वेनस्टीन अहवाल आला तेव्हा अशा कोर्समधून गेलेल्या विद्यार्थ्यांची संख्या ३,१०० च्या वर निघाली, आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये एनसीएएच्या समितीने जे म्हटलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. हे कोर्स इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, आणि कोर्सचा दर्जा ठरवणं हा विद्यापीठाचा स्वतःचा अधिकार, म्हणून अभ्यासाबाबत नियमभंग झाला असा निष्कर्ष समितीला काढता आला नाही. म्हणजे क्रेडिट्सची मोजणी बाहेरचे लोक करतील. त्या क्रेडिटमागे शिकणं झालं का, हे बघणारं प्राध्यापकांशिवाय कुणीच नाही. आपण पाहिलं नाही तर ते बघितलंच जात नाही.

म्हणून मी रजिस्ट्रारकडे मागच्या दोन वर्षांतल्या सगळ्या कोर्सच्या याद्या मागितल्या: नावं काढून टाकलेल्या, फक्त एकूण विद्यार्थी किती, खेळाडू किती आणि दोघांची सरासरी श्रेणी काय. आमच्याकडे खेळाडू एकूण विद्यार्थ्यांच्या ४ टक्क्यांच्या आसपास आहेत. ज्या वर्गात ते २५ टक्क्यांच्या वर गेले ते वर्ग मी बाजूला काढले. याद्या मिळायला सहा आठवडे लागले, आणि त्या काळात माझ्याच विभागातल्या एकाने मला ‘तू प्राध्यापकांवर पाळत ठेवतेस’ असंही सुनावलं. मला वाईट वाटलं. पण यादी उघडल्यावर बहुतेक वर्गांचं कारण घड्याळातच सापडलं: सकाळी ८ चा वर्ग, कारण दुपारी सराव. एका ठिकाणी मात्र एकाच शिक्षकाकडे ‘स्वतंत्र अभ्यास’ नावाखाली, म्हणजे वर्गाशिवाय शिक्षकाला भेटून करायच्या कोर्समध्ये, बरेच खेळाडू होते. मी विभागप्रमुखांना घेऊन गेले आणि निबंध पाहायला मागितले. निबंध होते, त्यावर शिक्षकाच्या हस्ताक्षरात शेरेही होते. भेटींची नोंद आणि कामाचा आराखडा तेवढा कुठे नव्हता. आता स्वतंत्र अभ्यासासाठी, विद्यार्थी खेळाडू असो वा नसो, सत्राच्या सुरुवातीला एक पानी लेखी आराखडा द्यावा लागतो. ज्या शिक्षकाकडे गेले होते त्यांनीच सेनेटमध्ये त्या ठरावाला अनुमोदन दिलं, याचं मला फार समाधान आहे.

डिसेंबरमध्ये श्रेणी लागायच्या आठवड्यात एका तरुण, तात्पुरत्या नेमणुकीवरच्या शिक्षिकेचा फोन आला. एका सहायक कोचने तिला मेल करून ‘याला वाढीव गुणांसाठी काही करता येईल का’ असं विचारलं होतं. भाषा नम्र होती, पण ती घाबरली होती. तिचा करार मे महिन्यात संपणार होता. आमच्याकडे नियम स्पष्ट आहे: श्रेणीबद्दल कोचने शिक्षकाशी परस्पर बोलायचंच नाही, जे काही असेल ते अ‍ॅडव्हायजरमार्फत. मी तिला मेल जपून ठेवायला सांगितलं, उत्तर माझ्याकडून जाईल म्हटलं आणि त्याच दुपारी क्रीडा विभागाशी बोलले. कोचने माफी मागितली, प्रकरण तिथेच मिटलं, आणि श्रेणी तिने दिली तीच राहिली. जॉर्जिया विद्यापीठात जॅन केम्प या शिक्षिकेने फुटबॉल खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतींविरुद्ध आवाज उठवला होता; नोकरी गेली, मग त्या कोर्टात गेल्या आणि १९८६ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या एकट्या लढल्या. आज नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी एफएआरचं नाव आणि फोन ठाऊक असला पाहिजे. जानेवारीपासून मी नव्या शिक्षकांच्या ओळखवर्गात दहा मिनिटं मागून घेते, ती एवढ्याचसाठी.

आता कुस्तीवाल्या मुलाबद्दल. मी सांगलीची. पैलवानांचं वजन, खुराक, तालीम ही बोलणी लहानपणापासून कानावर पडलेली, त्यामुळे कुस्तीच्या संघाकडे माझं जरा जास्तच लक्ष असे, हे मान्य करते. मार्चमध्ये हंगाम संपल्यावर अ‍ॅडव्हायजरने दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाला माझ्याकडे पाठवलं. तो मेकॅनिकल इंजिनिअरिंग सोडून क्रीडा व्यवस्थापनाकडे चालला होता आणि नव्या मेजरमध्ये त्याचे ४० टक्के भरत नव्हते. आम्ही त्याचा डिग्री ऑडिट, म्हणजे पदवीत कुठला कोर्स कुठे धरला गेला त्याचा तक्ता, टेबलावर पसरला. खिशातली पेन्सिल काढून तो स्वतः एकेक ओळ खोडत गेला. कमावलेली क्रेडिट्स ६३. नवी पदवी १२० ची, म्हणजे ४८ हवीत. त्यात धरली जात होती ४४. दुसरं कॅल्क्युलस, भौतिकशास्त्राचे दोन कोर्स, स्टॅटिक्स, सगळं शेवटच्या पानावर ‘कुठेही न लागलेले विषय’ या चौकटीत जाऊन पडलेलं. चार क्रेडिट्स उन्हाळ्यात भरता येतात, कारण टक्केवारीत उन्हाळ्यातले कोर्स चालतात. आमच्याकडे तीन क्रेडिट्सना चौदाशे डॉलर पडतात, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात पाचशेच्या आत. (तिकडे कोर्स घ्यायचा तर तो आपल्या पदवीत लागेल अशी लेखी मान्यता आधी घ्यावी.) हिशेब जुळत आला होता. सहज म्हणून मी विचारलं, “इंजिनिअरिंग का सोडतोयस?”

तो म्हणाला, “तिसऱ्या वर्षाची लॅब मंगळवार-गुरुवार दुपारी असते मॅम. त्याच वेळी सराव असतो.”

गुण? ४ पैकी २.९. आवड? त्याच्या वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे आणि यंत्रं हीच त्याची आवड. मग आम्ही तोच ऑडिट जुन्या मेजरवर लावून पाहिला. पदवी १२८ ची, ४० टक्के म्हणजे ५२ क्रेडिट्स पुरेशी, आणि त्याची धरली जात होती ५७. मेजर बदललाच नाही तर त्याला काहीच अडचण नव्हती. अडचण लॅबच्या वेळेची होती, आणि त्यासाठी एक चांगला इंजिनिअर आपण घालवत होतो.

मी विभागप्रमुखांना लिहिलं, मग कोचना भेटले. कोच मोकळेपणाने म्हणाले, “मला हे कुणी सांगितलंच नाही. गुरुवारचा सराव मी सकाळी घेऊ शकतो.” मंगळवारचं काय, हा प्रश्न एप्रिलभर लोंबकळला. लॅबला तंत्रज्ञ हवा, तंत्रज्ञाची पाळी नऊला सुरू होते, पाळी बदलायची तर युनियनची संमती हवी. शेवटी मंगळवार सकाळची एक तुकडी उघडली. ती भरली नोकरी करून शिकणाऱ्या मुलांनी, खेळाडू तिघेच. तो मुलगा इंजिनिअरिंगमध्येच राहिला. सॉफ्टबॉलच्या एका मुलीच्या बाबतीत मात्र मला काहीच करता आलं नाही. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना रुग्णालयातली पाळी चुकवता येत नाही, वसंतातला हंगाम हलवता येत नाही, आणि शिष्यवृत्ती सोडली तर फी भरता येत नाही. तिने नर्सिंग सोडलं. तिचा विचार अजून मनातून जात नाही, आणि पुढच्या वर्षी नर्सिंग विभागाशी पहिलं बोलणं याच विषयावर करणार आहे.

एप्रिल-मे हे एपीआरचे महिने, म्हणजे संघाच्या शैक्षणिक प्रगतीचा दर मोजायचे. पद्धत सोपी आहे. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येक खेळाडूला दर सत्राला दोन गुण मिळू शकतात: पात्र राहिला तर एक, विद्यापीठात टिकला तर एक. मिळालेले गुण भागिले शक्य असलेले, गुणिले हजार. चार वर्षांची सरासरी ९३० च्या खाली गेली की चॅम्पियनशिप स्पर्धांचं दार बंद होऊ शकतं. कनेक्टिकटच्या पुरुष बास्केटबॉल संघाला २०१३ मध्ये याच कारणाने घरी बसावं लागलं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी विजेतेपद मिळवलं. संख्याशास्त्राच्या शिक्षिकेला यात लहान संघांची काळजी वाटते. टेनिसच्या आठ मुली वर्षभर असल्या तर शक्य गुण ३२. एक मुलगी अपात्र होऊन निघून गेली तर ३०, म्हणजे ९३८. आणखी एकीचा एक गुण गेला की थेट ९०६. फुटबॉलच्या मोठ्या संघात तेवढ्याने आकडा जागचा हलतही नाही. एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेल्या विद्यार्थ्याला कितीही वेळा विद्यापीठ बदलता येतं, त्यामुळे वसंतात कोण राहणार, कोण जाणार हे कुणालाच सांगता येत नाही. आणि प्रत्येक बदलीत क्रेडिट्स गळतात.

मेमध्ये शेवटच्या मुलाखती झाल्या. ज्यांची खेळण्याची वर्षं संपली त्यांच्यातल्या काहींशी बोलायचं असतं. त्या वेळी कोच खोलीत नसावेत, आणि मुलाखत क्रीडा विभागाच्या इमारतीत घेऊ नये. मी ग्रंथालयातली खोली घेतली. मुलं भरभरून बोलतात. झोप पुरत नाही, इंटर्नशिप करता आली नाही, परदेशी सत्र घेता आलं नाही हे जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. आणि यातल्या बहुतेकांनी, पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा खेळू, असंही तितक्याच ठामपणे सांगितलं. दोन्ही मी अहवालात शब्दशः लिहिलं.

६ जून २०२५ ला, खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली. १ जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला एकूण दोन कोटी डॉलरच्या थोडं वरपर्यंत. आमच्यासारख्या ठिकाणी एवढे पैसे नाहीत, पण कोचवरचा दबाव इथेही वाढणारच, आणि लॅब की सराव हा प्रश्न आणखी वेळा उभा राहणार. पुढच्या वर्षीच्या कामाच्या यादीत मी तो सर्वांत वर ठेवलाय.

महाराष्ट्रातल्या पालकांनाही थोडं सांगायचंय. मुलाच्या श्रेणींबद्दल तुम्ही मला किंवा कोचला मेल केलीत तर उत्तर देता येत नाही. १९७४ च्या ‘फर्पा’ या कायद्याने ती माहिती विद्यार्थ्याची असते आणि त्याच्या लेखी संमतीशिवाय ती आम्ही कुणालाही देत नाही, आईवडिलांनाही नाही. तेव्हा संमतीचा अर्ज मुलाकडून पहिल्याच आठवड्यात भरून घ्या. प्रवेश पक्का करण्याआधी कोचला विचारा: या मेजरच्या तिसऱ्या वर्षाच्या लॅब कधी असतात, आणि तुमच्या संघातून या मेजरमध्ये पदवी घेतलेलं कुणी आहे का? एफएआरचं नाव क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर कर्मचाऱ्यांच्या यादीत असतं. मुलाने स्वतः, विद्यापीठाच्या आयडीवरून, दोन ओळींची मेल करावी. ऑगस्टमध्ये आम्ही सगळे याद्यांत बुडालेले असतो. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात विचारलंत तर निवांत बोलता येईल.